एकास दोन

गाल्वे तळं डिसेंबरात गोठलं
की त्राकायच्या क्लबात नावा उपड्या निजतात
आणि आम्ही चार भिंतींच्या आत
साखळीला बांधलेल्या दांडीनं
हवा वल्हवत बसतो.

मी विल्निअसच्या रस्त्यावर बस चालवतो.
वय चौपन्न. गुडघे माझ्याहून थोरले.
दांगुओले बाई रेडिएटरवर पेन्सिल आपटतात:
टक. टक, टक.
टक. टक, टक.
"ओढायला एक, परतायला दोन.
वायदोतास, तुझ्या मागे कोणी हॉर्न वाजवत नाहीये."

सोपं वाटतं.
पाय, मग पाठ, मग हात.
परतताना हात, मग पाठ, मग पाय.
थंडीत कपडे चढवावेत, उतरवावेत, तसं:
शेवटी चढलं ते आधी निघतं.
पण माझे हात बरगडीला लागतात न लागतात
तोच गुडघे वर येऊन वाट अडवतात
आणि दांडीला त्यांच्यावरून उडी मारावी लागते.
उतावळ्याचं बाशिंग गुडघ्यालाच का,
ते मला इथे बसून कळलं.

पडद्यावर आकडा: मिनिटाला तीस.
मला वाटायचं, तीस म्हणजे वेग.
"तीस म्हणजे धांदल," बाई म्हणाल्या,
"दूध उतू चालल्यासारखा पुढे धावतोस,
आणि पोचल्यावर ओढायला अंगात काही उरत नाही."
मग गळ्यातला करडा मफलर सोडून
त्यांनी पडद्यावर टाकला.

आकडा गेला आणि ऐकू यायला लागलं.
मी ओढतो तेव्हा पंखा छाती भरून घेतो,
मग सावकाश, अगदी सावकाश सोडतो.
त्या सोडण्यात मला काही काम नाही.
बैठक आपली रुळावरून सरकू द्यायची,
खांदे सैल, बोटांत दांडी नुसती टांगलेली.
हेच अवघड.
"पाण्यावर असतास," बाई म्हणाल्या,
"तर नाव याच वेळी तुझ्याखालून निघाली असती.
तू पुढे झेपावलास की ती अडते."

माझ्या पुढच्या यंत्रावर उग्ने. सोळा वर्षांची,
दातांना तारा, पाठीवर ओल्या दोरासारखी वेणी.
"तिची वेणी हलली की तू हल. आधी नाही."
मी आधीच हललो. पुन्हा आधी. पुन्हा.
मग कधीतरी, अकराव्या की बाराव्या मिनिटाला,
दोन पंख्यांचा एक पंखा झाला.
कोणी काही बोललं नाही.
सात वेळा ओढेपर्यंत टिकलं ते.
आठव्याला मी खूश झालो
आणि चुकलो.

दोघांच्या नावेत मी पुढे, ताल माझा,
माझ्यामागे भाऊ, गिंतौतास.
कौनसच्या शर्यतीत तो मागून ओरडत होता, थांब जरा,
मला वाटलं, दमला.
अंगात आलं आणखी, मी आणखी जोरात.
धक्क्यावर आम्ही वल्ही फेकली, शब्दही.
आता तो आयर्लंडला अळंबी खोक्यांत भरतो.
रविवारी फोन असतो आमचा, चार मिनिटं:
मीच विचारतो, मीच सांगतो,
मीच बरं मग ठेवतो म्हणतो.

काल विचारलं, कसा आहेस?
आणि जीभ टाळूला लावून बसलो.
एक.
फ्रिज गुरगुरला.
दोन.
खिडकीबाहेर कोणीतरी गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडत होतं.
फोन कटला की काय, असं वाटेपर्यंत काही नाही,
मग तिकडून, जाड आवाजात:
"गुडघे दुखतात रे."

माझेही, असं म्हणणार होतो.
म्हणालो नाही.
बैठक सरकू दिली.